मासळीखालचा गडवा

वारलूच्या टोपलीतून, मासळीखालून, पाणी प्यायचा पितळेचा गडवा निघाला तरी गल्लीत कोणी हूं की चूं केलं नाही. शालिकराम शिपायाला त्याचंच नवल वाटलं. एरवी कोंबडी हरवली तरी अख्खी गल्ली बोंबलत त्याच्याकडे यायची.

"हे काय होय, वारलू?"

दारोदार मासळी विकणारा वारलू ढिवर खाली मान घालून उभा होता. "गडवा होय, शालिकभाऊ."

"ते मलेही दिसून राह्यलं. कोणाचा?"

"इंदुताईचा."

"चोरला?"

वारलूनं जरा दम घेतला. "हो. चोरला."

शालिकरामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चोर वारलू होता, पण लाज शालिकरामाला वाटली. चांद्याच्या परकोटाला, गावाभोवतीच्या जुन्या तटाला, लागून असलेली ही गल्ली त्याच्या गस्तीची, आणि त्याचं घरही इथंच.

नव्या ठाणेदारांनी हुकूम काढला होता, की शिपायांनी दिवसाढवळ्या पायी फिरावं, लोकांच्या ओट्यावर बसावं, त्यांचं सुखदुःख विचारावं. बाकीच्या शिपायांनी कपाळाला हात लावला. शालिकराम मात्र खुलला. तसा तो भला माणूस. त्यानं कधी कोणाचा फुकट चहा घेतला नाही की कोणावर दंडुका उगारला नाही. गल्लीतून अधूनमधून एखादं भांडं गायब व्हायचं, पण तो चौकशीला जाईपर्यंत बाया म्हणायच्या, "सापडलं ना भाऊ, इथीच होतं." चोर आपल्या गस्तीला टरकून माल परत आणून टाकतो, अशी शालिकरामाची पक्की समजूत. ठाणेदारही भर परेडीत म्हणाले होते, "गस्त शिकायची असेल तर शालिकरामाच्या गल्लीत जा."

"मायची शिकवण होय, साहेब," तेव्हा तो छाती फुगवून बोलला होता. "उपाशी ठेवलं, पण चोरीचा दाणा तोंडात जाऊ देल्ला नाई." हे तो प्रत्येक ओट्यावर सांगत असे. ऐकताना गल्लीतले लोक माना डोलवत आणि दुसराच विषय काढत.

त्याची माय मनकर्णाबाई नवरा गेल्यापासून हरवल्यासारखी झाली होती. मन मानेल तेव्हा बाहेर पडायची. कोणी ना कोणी बाई तिला हाताला धरून घरी आणून सोडायची. शिपायाच्या घराला लोक केवढा मान देतात, असं शालिकरामाला वाटे.

मग इंदुताई राहायला आल्या. नवरा पोस्टात, पुण्याकडून बदलून आलेला. त्यांचा गडवा दिसेना, तर शेजारीण गोकुळा म्हणाली, "थांबा ना बाई, येते वापस."

"गडव्याला काय पाय आहेत?" म्हणत इंदुताई तडक ठाण्यावर गेल्या.

ठाणेदारांनी सगळ्यांदेखत शालिकरामाची हजामत केली. चोर आण, नाहीतर तुझी गस्त म्हणजे नुसती बढाई, असं म्हणाले. कान लाल करून तो गल्लीत शिरतो, तर वारलू त्याच्याच घराच्या मागच्या दारातून बाहेर पडत होता. ढिवर मागच्या दारानंच मासळी देतो, त्यात वावगं काही नव्हतं. पण शिपायाला पाहून वारलूनं टोपलीवरची पळसाची पानं घाईघाईनं सारखी केली. शालिकरामानं सरळ आत हात घातला, आणि वारलूला धरून गल्लीच्या मधोमध आणलं.

"माझ्या मायले मासळी देतं, अन् त्याच टोपलीत लोकाईचा माल? लाज नाई वाटत तुले?"

"वाटते, भाऊ."

त्या शांतपणानं शालिकरामाचं डोकं फिरलं. त्यानं वारलूच्या मुस्काटात ठेवून दिली. या गल्लीत त्याचा हात पहिल्यांदाच उठला होता.

वारलूची बायको प्रेमिला पदर सावरत धावत आली. "शालिकभाऊ, नेऊ नोका. जेलात गेले तं जातवाले याईले तलावात जाळं टाकू देनार नाई. आमी खाऊ काय? याईनं काई..."

"चूप राह्य," वारलू म्हणाला.

"बोलू दे तिले," शालिकराम गरजला. "काय सांगून राह्यली?"

प्रेमिलानं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा शिपायाकडे. "काई नाई, भाऊ," ती म्हणाली आणि रडू लागली.

शालिकरामानं वारलूच्याच गमछ्यानं त्याचे हात बांधले. इंदुताईंनी गडवा ओळखला. आपापल्या ओट्यावर सगळे उभे होते. वाणी बाबुलाल, गोकुळा, झाडून सगळे. कोणी वर पाहत नव्हतं. आपण आजवर एका चोराला पोसलं म्हणून यांना मान वर करवत नाही, असं शालिकरामाला वाटलं. त्यालाही करवत नव्हती.

"सांगा आता," तो म्हणाला. "म्या तुमाले घरचं मानलं. तुमाले याचं मालूम होतं ना? मंग मले काऊन नाई सांगतलं? एकानं तरी सांगावं ना."

"जाऊ द्या, भाऊ," बाबुलाल जमिनीकडे पाहत म्हणाला. "गडवा भेटला ना. सोडून द्या त्याले."

"सोडू? अन् साहेबाले काय तोंड दाखवू?"

शालिकरामानं वारलूला ठाण्याच्या दिशेनं ढकललं.

तेवढ्यात गल्लीच्या त्या टोकाकडून मनकर्णाबाई आली. अनवाणी, आपल्याच नादात. गोकुळाच्या ओट्याशी ती थांबली. तिथं घासून वाळत घातलेली भांडी होती. तिनं त्यातला पितळेचा झारा उचलला, लुगड्यानं पुसला आणि अलगद पदराखाली घेतला.

गोकुळा दोन हातांच्या अंतरावर उभी होती. ती मुकाट्यानं भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बाबुलाल वळला. एकेक करत अख्खी गल्ली वळली, रोजचीच सवय असल्यासारखी. इंदुताई तोंड उघडणार, तोच प्रेमिलानं रडतरडतच त्यांचा खांदा धरला आणि त्यांनाही भिंतीकडे वळवलं.

बांधल्या हातांनी वारलू केव्हाच पाठ फिरवून उभा होता.