आधी तुम्ही

चक्रव्यूहाच्या सातव्या खोलीच्या दारात हेमलताने चप्पल काढून आत भिरकावली. काहीच हललं नाही. म्हणून अनघा नावाची नर्स आत गेली आणि छतातून सुटलेल्या तारेने तिला उभं चिरलं.

आता दोघंच उरले. निवृत्त पोस्टमास्तर उपासनी म्हणाले, "ताई, मागच्या चक्रव्यूहातून तुम्ही असंच सुटलात ना?"

"हो. चौकशी समितीला तशीच जबानी दिली होती."

"मग हे सापळे चालवणाऱ्या यंत्राने ती वाचलीय. चप्पल कुठली आणि माणूस कुठला, हे त्याला आता कळतं."

हेमलताच्या जबानीतली चप्पल खोटी होती. मागच्या वेळी ती प्रत्येक दाराशी अदबीने बाजूला झाली होती आणि पाच अनोळखी वडीलधाऱ्यांना तिने पुढे जाऊ दिलं होतं. एक माणूस घेतला की खोली शांत होते, हे तिला तेव्हाच कळलं होतं. या खेपेला तरी जबानी खरी करून दाखवायची, असं तिने ठरवलं होतं.

अनघाला ओलांडून दोघं आठव्या दाराशी आले. बाहेरचा उजेड त्याच्या फटीतून दिसत होता.

"एक खूण मी समितीला सांगितलीच नव्हती," हेमलता म्हणाली. "त्या खुणेवरून सांगते, या खोलीत सापळा नाही."

उपासनींनी तिला वाट करून दिली. तिने पदर सावरला आणि ती बाजूला झाली.

"काका, तुम्ही मोठे. आधी तुम्ही."

उपासनींनी तिच्या डोक्यावरून मायेने हात फिरवला आणि उंबरा ओलांडला.