पाचवं शील

कलावतीचं म्हणणं एकच होतं: पोराने तिला मान खाली घालायला लावायचीच होती, तर निदान खिरीचा दिवस तरी सोडायचा.

कामतघरच्या विहारात रविवार सकाळची वंदना चालली होती. सगळे मिळून पंचशील म्हणत होते आणि मागच्या ओळीतला पोराचा, दीपेशचा आवाज तिला बरोबर ओळखू येत होता. पहिलं शील, दुसरं, तिसरं, चौथं. पाचवं आलं, दारू-नशेपासून लांब राहण्याचं, आणि नेमका तेवढाच आवाज गळाला. कलावतीने वळून बघितलं नाही. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात बॉबिन भरलेली बाई ती. तिने आपलाच आवाज असा चढवला की मागची फट बुजावी.

पण गुणाबाईचे कान कुठले बुजायला. शेजारून ती पुटपुटली, "काय गं, तुझा रेडिओ चौथ्यावरच बंद पडला?"

"रातची शिफ्ट करून आलाय. घसा बसलाय त्याचा."

दाराशी खिरीचं पातेलं फडकं बांधून ठेवलं होतं. दीपेश व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला त्याला आज शंभर दिवस. कलावतीने आठवडाभर आधीच अख्ख्या चाळीला आवतण दिलं होतं. ज्यांनी नावं ठेवली होती, त्यांना दोनदा.

वंदना संपली तशी ती उठली आणि पोराला दंडाला धरून बाहेर चपलांपाशी घेऊन आली. त्याच्या केसांत लूमवरचा कापूस तसाच होता.

"तोंड उघड."

तिशीतल्या माणसाने लहान पोरासारखं तोंड उघडलं. तिने नाक जवळ नेलं. चहाचा वास होता, दुसरा नाही.

"मग आत काय टाळं लागलं होतं?"

"आये, परवा पिलो. शुक्रवारी. लूम बंद होते."

"मला कसा वास न्हाय आला?"

"तू इथं विहार धुवायला आलेलीस. आजच्यासाठी."

कलावतीने पायानेच दोन विस्कटलेल्या चपला जोडीने लावल्या.

"काल सकाळी केंद्रात जाऊन सांगितलं," तो म्हणाला. "ते बोलले, पडलास तर तिथनंच उठायचं, सगळंच काय वाया जात न्हाय. पन पाचवं म्हणायला जीभ उठंना. तुझ्या डोक्यावर हात ठेवून म्हटलंय मी ते. किती वेळा."

"आज म्हटलं असतंस, तर कोणाला कळलं असतं?"

"कोणालाच न्हाय."

आत वाट्या मांडल्याचा आवाज येत होता. कलावतीला नवरा आठवला. याच विहारात, पुढच्या ओळीत, तोंडात वेलची ठेवून बसायचा आणि पाचवं शील सगळ्यांत मोठ्याने म्हणायचा. त्याची तिरडी उचलली, त्याच्या आदल्या रविवारीही तसंच म्हटलं होतं.

"कलावती, अगं शंभर दिवसांची खीर थंड होतेय!" आतून गुणाबाईने हाक दिली.

कलावतीने पदराने तोंड पुसलं, जरा जोरातच. वाकून पातेल्याचा एक कान धरला आणि दुसऱ्या कानाकडे हनुवटीने खूण केली.

"धर. कालचा एक, आजचा एक. दोन दिवसांची खीर हाय, असं मीच सांगते आत जाऊन. हसतील ते हसतील. तुझ्या बापाची कोणी एका दिवसाची पन खाल्ली न्हाय."