माझंच दुखणं

लेकाच्या छातीत कळ येताच भालचंद्ररावांनी स्वतःची हृदयविकाराची गोळी त्याच्या जिभेखाली सरकवली होती. कळ थांबली नाही. दवाखान्यात ते एकच म्हणत राहिले, “माझंच दुखणं उतरलंय पोरात.”

डॉक्टर बाहेर आल्या. “ईसीजी आणि रक्ततपासणी झटक्यासारखीच होती, पण अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या स्वच्छ निघाल्या. गेल्या आठवड्यातल्या तापाच्या विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आलीय, असं एमआरआय सांगतो.”

“म्हणजे माझ्याकडून नाही आलं?”

“नाही. पण धोका आहेच. काही महिने धावणं बंद.”

त्यांना हायसे वाटले, आणि तसे वाटल्याची लाजही वाटली.

ते आत जाताच खाटेवरून लेकाने विचारले, “काय बाबा, तुमचीच गादी चालवतोय ना?”

“छे! हा तुझा स्वतःचा उद्योग,” डोळे पुसत ते म्हणाले. “माझं कधी काही घेतलंयस तू?”