आरोपी नंबर एक आणि दोन

"पोलिसांवर आता आपण दावा ठोकायचा," वकील नौशीन म्हणाली. "खोट्या केसमध्ये गुंतवलं म्हणून. सोडायचं नाय, काका!"

कोर्टाच्या आवारातल्या तिच्या टेबलासमोर बद्रीनाथ आणि चतुराबाई बसले होते, मधली एक खुर्ची रिकामी सोडून. तो फुलंब्रीचा, बायको गेलेला. ती पडेगावची, नवरा गेलेली. शहागंजात रिक्षाची वाट बघताना पोलिसांनी दोघांना उचललं, तेव्हा एकमेकांचं नावसुद्धा माहीत नव्हतं. कागदावर मात्र टोळी झाली. एका बड्या साहेबाचा कुत्रा पळवणारी टोळी.

कुत्रा चार दिवसांत आपला आपण घरी आला. पण तोवर पंचनामा झाला होता, आणि कुत्र्याच्या शब्दावर पंचनामा कोण फाडणार? केस वर्षानुवर्षं चालली. गेल्या महिन्यात दोघं निर्दोष सुटले.

त्यानंतर आज पहिल्यांदा भेटत होते.

"सुनेला काय सांगून आलात?" चतुराबाईनं हळूच विचारलं.

"कोर्टाचं काम हाय म्हणलं. तुमी?"

"मी बी तेच."

बद्रीनाथ वकिलीणबाईंकडं वळला. "किती चालंल हा दावा?"

"खरं सांगू? आठ-दहा वर्षं तर धराच. ते वरच्या कोर्टात गेले तर अजून."

"जातील ना पण?"

नौशीन बघतच राहिली. "आधी सरकारला नोटीस द्यायची. मग दोन महिने गप बसायचं."

"दोन महिने तारीखच नाय?" चतुराबाई एकदम बोलली, आणि पदर सारखा करत बसली.

"आन् पुकारा?" बद्रीनाथनं विचारलं. "दोघांची नावं जोडीनंच घेतील नव्हं?"

पट्टेवाला कोर्टाच्या दारात उभा राहून दोघांची नावं एका दमात घ्यायचा, मांडवात नवरा-नवरीला बोलवावं तशी. भरल्या कोर्टात. कुणाला नावं ठेवायची सोय नव्हती.

"घेतील की. दोघंही वादी." नौशीननं पेन उघडला. "आता नीट सांगा. नुकसान दाखवल्याशिवाय दावा उभाच राहत नाय. या केसनं तुमचं काय नुकसान झालं?"

बद्रीनाथ विचारात पडला. लिंबाखालचा बाकडा आठवला. तिच्या डब्यातली, त्याच्या वाट्याची जास्तीची भाकरी आठवली. जज्जसायेब रजेवर म्हणून दिवसभर नुसतं बसून राहिलेलं आठवलं.

"तसं काय... नाय बा."

"काका! अब्रू गेली, झोप उडाली, कायतरी असंल ना! नसंल तर फाइल बंद करते मी."

बद्रीनाथनं चतुराबाईकडं पाहिलं. तिची नजर जमिनीवर होती.

"लिव्हा ताई," ती म्हणाली.

"हां, बोला."

"सोडून दिलं आमाला."