सवतीचा सूर

“आनखी खाले,” गोपाल म्हणाला. “तिना आवाज जाड व्हता. तुना बारीक शे.”

धनश्रीने पुन्हा सूर लावला. दोन शब्द कसेबसे खाली उतरले आणि तिसऱ्याला गळा बसला. नऊ वर्षांच्या संसारात नवऱ्याने तिच्या आवाजाबद्दल एवढंच सांगितलं होतं, की तो रुक्मिणीसारखा नाही.

रुक्मिणी म्हणजे गोपालची पहिली बायको. तिला मूलबाळ नव्हतं. गोपाल सुरतेच्या उधन्यात कापडाच्या मागावर कामाला लागला तेव्हा ती खानदेशात सासूजवळ राहिली, आणि माहेरी गेली असताना तापाने वारली. सासू मंगलाबाईच ती बातमी घेऊन रडत सुरतेला आली, ती परत गावी गेलीच नाही.

धनश्री लग्न होऊन सुरतेतल्या गोडादऱ्यात आली त्याच दिवशी सासूने तिच्या गळ्यात मेलेल्या सवतीच्या नावाचा चांदीचा टाक बांधला. रीतच आहे ती. नवी साडी आधी टाकाला दाखवायची, पहिला घास टाकाला, मग आपल्या तोंडात. जिवंत सवतीशी निदान कडाकडा भांडता तरी येतं.

दोन वेळा धनश्रीचं पोट पडलं होतं. आता सातवा महिना होता. गावाकडच्या भगताने गोपालला फोनवर सांगितलं, पहिलीचा जीव अडकलाय. ओटीभरणाला तिचीच ओवी तिच्याच सुरात म्हणा, म्हणजे ती लेकराला हात लावणार नाही. ओवी रुक्मिणीनेच रचली होती. गोपाल सुरतेला निघाला त्या पहाटे तिने ती त्याच्या एकट्यासाठी म्हटली होती.

“मेलेल्या माणसाचं कशाले उकरतस?” मंगलाबाई चिडली. पण लेकाने ऐकलं नाही.

धनश्री दिवसभर सूर घोटत राहिली. हळूहळू तिला भास होऊ लागले. भाकरी थापताना ती गुणगुणली, की तिच्या बारीक आवाजाखाली कुणीतरी जाड आवाजात गुणगुणे. ती थांबली, की तेही थांबे. तिला भयंकर भीती वाटायची. पोटावर हात ठेवून ती म्हणायची, “बाई, माझं सगळं घे, एवढं एक सोड.”

ओटीभरणाला दुपारी खोली बायकांनी भरली. गोपाल कामावर होता. मंगलाबाई पुढे पाटाशी बसून सुपात गहू ओतत होती. शेजारची सुषमा उशिरा आली. तिच्याबरोबर सुरतेजवळच्या सचिन गावाहून आलेली एक पाहुणी होती. कपाळ मोकळं, म्हणून ती ओटीच्या जवळ न येता दाराशी, चपलांपाशीच बसली.

धनश्रीने डोळे मिटले आणि जमेल तितका खालचा सूर धरला.

“तापीबाई, जाशी सुरतेला, माझा निरोप घे गं,
भरतार माझा मागावर, त्याला सावली दे गं...”

शेवटच्या शब्दाला आवाज फाटला. सगळं संपलं, असं तिला वाटलं. तेवढ्यात तो आवाज आला. जाड, पोटातून आलेला, रोज भाकरी थापताना ऐकू येई अगदी तसाच. तो पुढचं कडवं म्हणत होता, जे गोपालने तिला कधीच शिकवलं नव्हतं.

“तापीबाई, तुझ्या पाण्यात राख त्याची नेली गं,
घाट मला ना दिसला, तूच मातीला गेली गं...”

धनश्रीने घाबरून डोळे उघडले. पण आवाज तिला एकटीलाच ऐकू आला नव्हता. साऱ्या बायका दाराकडे वळून बघत होत्या. फक्त मंगलाबाईने मान वळवली नव्हती; तिने पदर तोंडावर ओढून घेतला होता.

पाहुणी उठून उभी राहिली.

“हाई गानं तुले कोनी शिकाडं व माय?” तिने विचारलं.

“मालकांनी,” धनश्री म्हणाली. “माझ्या नवऱ्याने.”

“कसं शक्य शे? हाई गानं फक्त मन्हा नवराले माहीत व्हतं. दहा वरीस झाले, तो आठे सुरतमाच मरी गया.”

बायकांमधून वाट काढत पाहुणी पाटापर्यंत आली, खाली वाकली आणि सुपावर झुकलेल्या म्हातारीच्या तोंडावरचा पदर तिने बाजूला केला.

“आत्याबाई, मन्हं कुकू तुम्हीनच पुसं व्हतं ना?”