मास्तरांचा नकाशा

मुलांना इतिहास-भूगोलाची ओळख घरापासून व्हावी, म्हणून मास्तरांनी पहिल्या तासासाठी स्वतःच्याच घराचा भलामोठा नकाशा काढला. त्यात बैठक होती, मास्तरांची अभ्यासिका होती, कुत्र्याची जागासुद्धा रंगवली होती. मास्तरांची आई जिथं झोपायची तिथं मात्र 'अडगळीची खोली' असं लिहिलं होतं. आईला अक्षर अक्षर लावून वाचता यायचं, तेवढं पुरलं.

"आणि मी रे कुठं झोपते?"

"अगं, लहान मुलं ती. उगाच गोंधळतील."

'मुलं कसली गोंधळतात, हा दिवटाच गोंधळलाय,' आई मनात म्हणाली.

संध्याकाळी मास्तर परतले, तर त्यांची गादी अडगळीत आणि आई अभ्यासिकेत पाय पसरून बसलेली.

"भूगोल शिकवून झाला ना? आता इतिहास ऐक. हे घर अजून माझ्या नावावर आहे."