न जमलेली दुरुस्ती

या, असे जवळ सरका. टाळ घटकाभर मांडीवर ठेवा. आज एका इंजनाची गोष्ट सांगतो. देवाच्या दारात सांगण्याजोगी आहे, म्हणूनच सांगतो.

भर दुपारी बन्सीधरमामांचा छोटा ट्रॅक्टर रानात पुन्हा उभा राहिला. बॉनेटच्या फटीतून वाफ फुसफुसत होती. उष्णतेचा काटा लाल पट्टीत जाऊन बसला होता. बोरीच्या फाट्यावरचा सिद्धोधन मिस्त्री गाडी बांधावर लावून ढेकळं तुडवत आला आणि कमरेवर हात ठेवून त्या वाफेकडं बघत राहिला. आता त्याला रागही येईना.

"बघ, डोळ्यानं बघ," मामा म्हणाले. "म्हणं इंजनात काहीच खराबी न्हाई. मग हे काय, म्या चुलीवर ठिवलं व्हतं का?"

काय करायचं ठेवलं होतं त्यानं? रेडिएटर उतरवून धुतलं. थर्मोस्टॅट बदलला. फॅनचा पट्टा नवा टाकला, पाण्याचा पंप खोलून पाहिला. गॅरेजमागच्या पडीत रोटाव्हेटर लावून ट्रॅक्टर मन भरेस्तोवर फिरवला. काटा जागचा हलला नाही. मामांच्या रानातही सकाळी हलत नव्हता, दिवस कलल्यावरही नाही. न्याहारी उरकून मामा पुन्हा ट्रॅक्टरवर बसले, की थोड्याच वेळात पाणी उकळायचं. उन्हाला दोष द्यावा, तर शेजारच्यांचे ट्रॅक्टर त्याच उन्हात चालत होते.

मिरग तोंडावर आला होता. मामांचं अर्धं रान अजून ढेकळांत होतं, आणि त्यांनी साऱ्या बोरीभर सिद्धोधनचं नाव खराब केलं होतं. "सिद्धोधननं दुरुस्त केलेल्या ट्रॅक्टरवर भात शिजतो म्हणे," असं हॉटेलात बसलेले त्याच्या तोंडावर म्हणायचे. नेहमीची गिऱ्हाइकं जिंतूरचा रस्ता धरू लागली होती. आज दोष सापडला नाही, तर गॅरेज उघडून बसण्यात काही अर्थ राहणार नव्हता.

"मामा, तुमी पाणी आणा. तवर मी बघतो."

"म्हंजे पाणी भरायला मी, अन् मिस्त्री म्हणून तू," असं पुटपुटत मामा कॅन घेऊन विहिरीकडं गेले.

तेवढ्यात लिंबाखालून कडूबाई धावत आल्या. कडूबाई म्हणजे मामी. झाकण उघडताना मामांचा हात एकदा भाजला होता. तेव्हापासून तापलेल्या इंजनाला त्या कोणाला हात लावू देत नसत. बॉनेट त्याच उघडायच्या.

"ऱ्हाऊ दे, बाबा. लय गरम हाय. निवू दे, मग मी उघडते."

पण सिद्धोधननं चिंधीनं धरून बॉनेट वर केलंच होतं. पुढची जाळी त्यानं ओढून काढली. जाळी आणि रेडिएटरच्या मधे लुगड्याचा तुकडा होता. हिरव्या काठाचा, नीट घडी घालून दडपलेला. वारा आत जायला जागाच नव्हती. त्याच लुगड्याचा दुसरा तुकडा मामींच्या भाकरीच्या टोपल्यावर झाकलेला होता.

सिद्धोधननं तो तुकडा हातात घेतला. इतक्या दिवसांचा वैताग एका क्षणात उतरला. हे एवढं फडकं हॉटेलच्या टेबलावर नेऊन टाकलं, की साऱ्यांची तोंडं बंद.

"मामी, हे तुमी?"

मामींनी विहिरीकडं पाहिलं. मामा पाठमोरे होते.

"न्याहारीच्या वक्ताला घालते, निवलं की काढून घेते. मागल्या वैशाखात ते हितंच पडले," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ऊन लागलं. परभणीला नेस्तवर शुद्ध नव्हती. डाक्टरनं हात जोडून सांगितलं, दुपारचं रानात ऱ्हाऊ नका. तब्येत जरा सुधारली की पुन्हा ट्रॅक्टरवर. माजं ऐकत न्हाईत, पोराचं ऐकत न्हाईत. इंजनाचं ऐकतेत."

"इंजन जळलं असतं, मामी."

"इंजन दुसरं येतं, बाबा."

सिद्धोधननं विहिरीकडं पाहिलं. मामा कॅन घेऊन वळले होते. मामी पदर तोंडाशी धरून उभ्या राहिल्या.

"सापडलं का काही?" मामांनी दुरूनच विचारलं.

सिद्धोधननं त्या फडक्याला हातांचं काळं ऑईल पुसलं. चांगलं चोळून पुसलं. मग त्याचा बोळा करून खिशात कोंबला.

"सापडलं, मामा. इंजनाचं हेड नाजूक झालंय. ऊन डोक्यावर आलं की ह्याला चालवायचं न्हाई. न्याहारीला थांबलं, की दिवस कलंस्तवर सावलीत उभं करायचं. आता काटा चढायचाही न्हाई, आतल्या आत तडकंल. मग मात्र इंजन गेलंच म्हणून समजा."

"अन् रान?"

"पहाटं लवकर धरा. सांच्याला उशिरापर्यंत चालवा."

मामांनी कॅन खाली ठेवला. ट्रॅक्टरवरून हात फिरवला. मग मिस्त्रीकडं वळले.

"सरळ सांग की. तुला जमलं न्हाई."

सिद्धोधननं मामींकडं पाहिलं नाही. जाळी जागेवर बसवली, बॉनेट लावलं.

"न्हाई जमलं, मामा."

बोरीच्या हॉटेलात ही गोष्ट त्याच दिवशी पोचली. सिद्धोधनच्या तोंडूनच कबुली मिळाल्यावर लोकांना आणखी काय हवं. मामा मात्र त्या दुपारपासून लिंबाखाली ट्रॅक्टरशेजारी आडवे पडू लागले, मिस्त्रीला शिव्या देत देत. पेरणी झाली, रास झाली, पुन्हा वैशाख आला. मामा खणखणीत आहेत, म्हणून ही गोष्ट मी त्यांच्या गावात सांगत नाही.

तुम्ही मात्र एवढं करा. घरच्या माणसांसाठी देवापुढं हात जोडाल, तेव्हा ज्याला ते इंजन दुरुस्त करता आलं नाही, त्या मिस्त्रीची आठवण ठेवा.